गच्चीवरच्या सहा टाक्या

१७ मे, शनिवार. दुपारी तीनला पारा त्रेचाळीसवर. आकाश पिवळट, वारा अजिबात नाही. पाण्याचा नववा दिवस.

हे शेवटचं वाक्य बाहेरगावच्या माणसाला कळायचं नाही. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते आठ-नऊ दिवसांनी. त्यामुळे आमच्याकडे वार नंतर विचारतात, आधी पाण्याचा कितवा दिवस ते. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं तरी आम्ही तेच बघून बोलवतो!

पाणी असं साठवावं लागतं. किस्से मात्र आपोआप साठतात. मी रोज रात्री वहीत पारा, पाऊस आणि पाणी आल्याची वेळ लिहितो. एका दिवसाला चार ओळी पुरतात. त्या शनिवारची अकरा पानं झाली. आजही ती पानं उघडली की माझंच अक्षर मला ओळखू येत नाही.

*

आधी माणसं सांगतो. आमची इमारत तीन मजली, फ्लॅट सहा. त्या दिवशी दोन फ्लॅट कुलूपबंद होते. तळमजल्यावर देशमुख सर. निवृत्त शिक्षक, भूगोल आणि पी.टी. शिकवायचे, आता इमारतीचे सेक्रेटरी. मधल्या मजल्यावर आम्ही कुलकर्णी नवरा-बायको, आणि समोर शेळके तात्या आणि मावशी. तात्या मूळचे पाचोडचे. शेती भावाकडे, मुलगा बजाजनगरला कंपनीत, आणि हे दोघं इथं. सगळ्यात वर वैद्य आज्जी. वय ब्याऐंशी, एकट्या राहतात.

पाण्याच्या दिवशी टाकी धुवायची हा आमचा रिवाज. नऊ दिवसांत टाकी रिकामी होते, तळाला बोटभर गाळ बसतो. तो काढल्याशिवाय नवं पाणी घ्यायचं नाही. गच्चीवर सहा काळ्या टाक्या, हजार हजार लिटरच्या, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या ऑइल पेंटनं आडनाव. धुवायची म्हणजे वरच्या तोंडातून आत उतरायचं, काथ्याच्या ब्रशनं घासायचं आणि मगानं गाळ उपसायचा.

आम्ही सगळे हे काम सकाळी उन्हाच्या आत उरकतो. तात्या मात्र नेहमी संध्याकाळी, गच्चीवर कुणी नसताना जायचे. त्यांचं वजन ब्याण्णव किलो, हे ते स्वतःच अभिमानानं सांगतात. सरांनी एकदा विचारलं, “तात्या, तुम्ही त्या तोंडातून आत जाता तरी कसे?”

तात्या म्हणाले, “जाताना दम सोडतो सर. निघताना मात्र पायाखाली स्टूल लागतं. स्टुलाबिगर मी आत गेलो तर मला टाकीसकट इकावं लागंल!”

*

टाकीवरून तात्यांची आणि वैद्य आज्जींची दर नऊ दिवसांनी जुंपायची.

आज्जींचं म्हणणं, त्यांच्या टाकीत गाळ बसतच नाही. “आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या टाकीला कुणाचा हात लागलेला नाही. पाणी बघा, आरशासारखं! आणि तात्या, तुम्ही एवढं घासता, तरी तुमच्याच टाकीत कसा हो गाळ येतो?”

“आमचं पुण्यच पातळ हाय आज्जी,” तात्या हात जोडून म्हणायचे.

“पातळ नाही, गढूळ!”

सगळा जिना हसायचा. तात्याही हसायचे.

मावशींची तक्रार वेगळीच होती. सर पंचवीस मिनिटांत टाकी धुतात, मला अर्धा तास लागतो. तात्यांना दीड तास लागायचा. मावशी जिन्यात उभ्या राहून वर ओरडायच्या, “अवो, एक टाकी धुवायला दीड तास? वर काय म्हशी धुताय व्हय?”

त्या शनिवारी तात्या पाच वाजून दहा मिनिटांनी वर गेले. एका हातात बादली, मग आणि ब्रश, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचं निळं स्टूल. मोबाइल घरीच चार्जिंगला. जाताना मला म्हणाले, “कुलकर्णीसाहेब, आज आभाळाची नियत बरी दिसंना.”

मी वहीत वेळ लिहिली. का लिहिली ते सांगता येणार नाही. सवय!

*

सहा वाजून बावन्न मिनिटांनी इमारतीतले सगळे मोबाइल एकदम किंचाळले.

वाजले म्हणत नाही, किंचाळले! फॅक्टरीचा भोंगा खिशात शिरावा तसा तो आवाज. सायलेंटवर ठेवलेले फोनसुद्धा कापत होते.

आता शहाण्या माणसानं काय करावं? स्क्रीन बघावी. आम्ही काय केलं? मोटर चालू करायला धावलो!

याला कारण देशमुख सर. नळाला पाणी आलं की त्यांनी ग्रुपवर मेसेज टाकायचा आणि पी.टी.ची शिट्टी फुंकायची, की तीन मिनिटांत प्रत्येकानं खाली आपापल्या मोटरपाशी हजर. सहा वर्षांत ही कवायत आमच्या हाडांत भिनली आहे. मोठा आवाज झाला म्हणजे पाणी आलं! मी बनियनवर, माझी बायको माधवी पिठाच्या हातानं, मावशी पदर खोचून, आणि सगळ्यात वरून वैद्य आज्जी हातात पाइप घेऊन निघालेल्या! सर तर शिट्टी फुंकतच बाहेर आले.

आम्ही पाच जण मोटरींच्या बटणांवर बोट ठेवून उभे. नळ कोरडा ठणठणीत.

माधवीनं तेवढ्यात फोन बघितला आणि मोठ्यानं वाचलं. “वादळी वारे, गारपीट आणि विजांचा इशारा. घराबाहेर पडू नका. सुरक्षित ठिकाणी थांबा.”

आम्ही सगळे तेव्हा पार्किंगमध्ये, म्हणजे बाहेरच उभे होतो.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. “म्हणजे पाणी आलं नाही?”

आणि पहिली गार पडली. लिंबाएवढी. सरांच्या स्कूटरचा आरसा फुटला.

“आलं सर,” माधवी म्हणाली, “वरून आलं!”

*

आम्ही सरांच्या घरात घुसलो. तिथं सलीमभाई होता. बाजूच्या गल्लीत त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. सरांचा एसी उघडून तो खुर्चीवर उभा होता. सात वाजून चार मिनिटांनी लाइट गेली. पाठोपाठ सरांच्या हॉलची काच गेली, अख्खी! वारा असा आत आला की भिंतीवरचं कॅलेंडर सुटून स्वयंपाकघरात गेलं.

सलीमभाई अंधारात खुर्चीवरून म्हणाला, “साब, हवा मुफत में आ री. एसी कायकू लगाते?”

हसायला कुणालाच सुचलं नाही. कारण त्याच वेळी वीज चमकली आणि समोरचा मोकळा प्लॉट दिसला. तिथं वारा भोवऱ्यासारखा गोल फिरत होता. धुळीचा उभा खांब! त्यात पत्रे होते, फांद्या होत्या, कुणाची तरी अख्खी खाट होती. खांब हळूहळू आमच्याकडे सरकत होता.

पन्नास वर्षं या शहरात काढली, असलं काही बघितलं नव्हतं.

सर मात्र खिडकीपाशी ठाम उभे. “घाबरू नका. हे आपल्याकडे येत नाही. हे परदेशात येतं. मी बत्तीस वर्षं शिकवलंय!”

त्यांचं वाक्य संपलं आणि खाट आमच्या फाटकावर येऊन आदळली.

सर दोन पावलं मागे आले. “हे पुस्तकात नव्हतं,” म्हणाले.

*

सगळे आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. मावशींनी टॉर्चच्या उजेडात एकेकाचं तोंड बघितलं. मग पुन्हा एकदा बघितलं.

“तात्या कुठंयत?”

आम्हा सगळ्यांना वाटत होतं की तात्या केव्हाच खाली आले, घरात आहेत. मावशींना वाटत होतं, ते गच्चीवरून उतरून आमच्या मागोमाग सरांच्या घरात आले असतील. पाच दहाला वर गेल्याची वेळ माझ्याकडे होती. खाली आल्याची नव्हती.

आम्ही जिन्यानं पळत वर गेलो. गच्चीचं दार लोखंडी, बाहेर उघडणारं. मी ढकललं. हललं नाही. मी, सर आणि सलीमभाई, तिघांनी खांदा लावला. फटीतून टॉर्च मारला तर पलीकडे सरांचा सोलर हीटर आडवा पडलेला. अख्खा सांगाडा दाराला घट्ट बसला होता!

“त्याची गॅरंटी होती,” सर पुटपुटले.

मावशी दारावर मुठी आपटत होत्या. “अवो! अवो, ऐकताय का?”

बाहेर गारांचा असा आवाज, की शेजारी बोललेलं ऐकू येईना. सर त्यांच्या कानाशी ओरडले, “शेळकेबाई, नावानं हाक मारा! नुसत्या ‘अवो’वर कोण ओ देणार?”

मावशींनी चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलेलं. त्यांनी सरांकडे बघितलं, दाराकडे बघितलं. डोक्यावरचा पदर नीट केला. आणि दाराच्या फटीला तोंड लावून ओरडल्या,

“रंगनाथ! ए रंगनाथ! ये की रं खाली!”

माधवी रडायला लागली.

वरून ओ आली नाही.

*

सात वाजून बावीस मिनिटं. आम्ही दारापाशीच होतो. आधी एक घरघर ऐकू आली, ट्रक चढावर लागल्यासारखी. मग धाडकन आवाज. मग पुन्हा.

जिन्याला रस्त्याच्या बाजूला जाळीची खिडकी आहे. वीज चमकली आणि त्या खिडकीसमोरून एक टाकी गेली. वरून खाली पडली असती तर समजू शकलो असतो. ही आडवी गेली! डावीकडून उजवीकडे, विमानासारखी, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून!

वैद्य आज्जी एका पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “कुणाची?”

दुसरी गेली. मग तिसरी.

सरांनी हिशेब मांडला. “पाणी असतं तर एकेक टाकी हजार किलो भरली असती. जागची हलली नसती. आज नववा दिवस. रिकामी टाकी म्हणजे फुगा.”

मावशी म्हणाल्या, “ते टाकीतच असत्याल सर.”

आम्हा सगळ्यांच्या मनात नेमकं तेच आलं होतं, आणि कुणी बोललं नव्हतं.

*

पावणेआठला गारा थांबल्या. वारा उतरला. आम्ही सगळे टॉर्च घेऊन खाली धावलो. रस्ता पांढरा झाला होता, मीठ पसरल्यासारखा. कडुलिंब मुळासकट आडवा. विजेचा खांब वाकून नमस्कार करत होता.

पन्नास पावलांवर, मोकळ्या प्लॉटच्या कडेला एक टाकी पडलेली. एका बाजूनं पार चेपलेली. सरांनी टॉर्च मारला. पांढरी अक्षरं उलटी होती, पण वाचता येत होती.

शेळके.

मावशींना आम्ही फाटकापाशीच थांबवलं होतं. त्या धावत आल्या नाहीत. उभ्या जागी खाली बसल्या.

टाकीचं तोंड पलीकडच्या बाजूला होतं. कुणीतरी जाऊन आत बघायला हवं होतं. सर माझ्याकडे बघत होते, मी सलीमभाईकडे. शेवटी मी गेलो. दहा पावलं असतील. इतकी लांब दहा पावलं मी आयुष्यात चाललो नाही. वाकलो. टॉर्च आत धरला.

आत एक मग होता. आणि ओंजळभर गारा.

“नाहीत!” मी ओरडलो. “आत कुणी नाही!”

मला वाटलं, ही चांगली बातमी आहे. सर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “कुलकर्णी, टाकी उडताना माणूस मध्येच बाहेर पडला असेल तर?”

आम्ही प्लॉट शोधायला लागलो. गवत, खड्डे, गटार. गल्लीतली दहा-बारा माणसं आली. वीस मिनिटं सगळे जमिनीकडे बघत फिरत होतो. वर कुणी बघितलं नाही. गटाराच्या काठावर सलीमभाईला एक चप्पल सापडली.

मावशींनी ती टॉर्चखाली धरली. तुटलेला अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला होता. “पाचोडच्या बाजारात शिवली,” त्या म्हणाल्या. “म्या म्हनलं टाका. त्यांनी टाकली नाही.”

मग त्यांनी ती चप्पल पदरात गुंडाळली. मी अग्निशमनवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस बिचारा एका दमात बोलत होता, “साहेब, सगळीकडं झाडं पडल्यात, गाडी निघाली, पण रस्ता सापडंना. तुम्ही जिन्यात थांबा, दुसरा सपाटा यायलाय.”

साडेआठला दुसरा सपाटा आला.

*

पुन्हा जिना, पुन्हा अंधार, पुन्हा गारा. मावशी गच्चीच्या दाराला पाठ लावून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

वैद्य आज्जी उठल्या. भिंत धरत घरात गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या.

“घे बाई. पी दोन घोट. माझ्या टाकीतलं शेवटचं आहे, स्वच्छ आहे.”

मावशी प्यायल्या. आज्जी त्यांच्या शेजारी बसल्या. मग एकदम म्हणाल्या, “मी त्याला गढूळ म्हटलं. आजच सकाळी म्हटलं.”

“तुमी रोजच म्हंता आज्जी. त्यांनी कुठं मनाला लावून घेतलं?”

“मला वाईट वाटायला नको का?”

“मग आल्यावर म्हना त्यांना तसं.”

मावशी हे ज्या सहजपणे बोलल्या, त्यानं मी हादरलो. ‘आल्यावर’!

नऊ चाळीसला गारा थांबल्या, पाऊस नुसता भुरभुरत राहिला. त्या शांततेत वरून आवाज आला. ठक. ठक ठक.

“पत्रा आपटतोय,” सर म्हणाले.

मावशी उठून उभ्या राहिल्या. “पत्रा असा थांबून थांबून वाजतो व्हय?”

आम्ही दाराला कान लावले. ठक ठक ठक. थांबलं. ठक ठक.

“सलीमभाऊ,” मावशी म्हणाल्या, “दार फोडा.”

*

सलीमभाईकडे बॅटरीवरचं ड्रिल होतं आणि पत्रा कापायची कात्री. त्यानं दाराच्या पत्र्याला ओळीनं भोकं पाडायला सुरुवात केली. माणूस जाईल एवढा चौकोन कापायचा, म्हणजे साठ-सत्तर भोकं. मी टॉर्च धरला. सर मोजत होते.

तिसाव्या भोकाला ड्रिल मंदावलं. सलीमभाईनं बॅटरीचा दिवा बघितला.

“एकच दांडी बची साब.”

“दुसरी बॅटरी?”

“दुकान में. और दुकान का शटर नाले में.”

पुढची भोकं त्यानं लांब लांब पाडली आणि मधलं अंतर कात्रीनं कापलं. त्याच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. माधवी ओढणी बांधायला गेली तर म्हणाला, “नक्को भाभी, पकड छूटती.” एक्केचाळिसाव्या भोकाला ड्रिल बंद पडलं. उरलेला पत्रा त्यानं आणि मी हातानं वाकवला. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी चौकोन पुरेसा झाला. आधी सलीमभाई गेला, मागून मी.

गच्ची ओळखू येत नव्हती. घोट्यापर्यंत गारा, काचा, वायरी. मी टाक्यांच्या ओट्यांवर टॉर्च फिरवला. पहिला ओटा रिकामा. तुटलेला पाइप नुसता हवेत. दुसरा रिकामा. तिसरा, चौथा, पाचवा. सगळे रिकामे.

सहाव्यावर टाकी उभी होती. एकटी. पांढरी अक्षरं जशीच्या तशी: वैद्य.

चौकोनातून आज्जींचा आवाज आला. “अहो कुलकर्णी, माझी टाकी आहे का?”

“है आज्जी!” सलीमभाई ओरडला. “अकेली खडी है!”

“मला ठाऊकच होतं!”

ठक ठक ठक.

आवाज त्या टाकीतून येत होता. सलीमभाई एक पाऊल मागे सरकला. मी ओट्यावर चढलो, झाकण बाजूला केलं आणि टॉर्च आत धरला.

तळाशी गुडघे पोटाशी घेऊन तात्या बसले होते. एका हातात काथ्याचा ब्रश. बाजूला निळं स्टूल, त्याचा एक पाय मोडलेला.

“तात्या!” मी टॉर्च आणखी खाली नेला. “तुम्ही वैद्यांच्या टाकीत?”

तात्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला साहेब. आज्जीला ऐकू जाईल.”

*

दहा वाजून चाळीस मिनिटांनी तात्यांना दोराच्या आधारानं बाहेर काढलं. उजव्या खांद्यावर, आतून झाकण ओढून घेताना बसलेले, गारांचे दोन वळ, पायात एकही चप्पल नाही. सहापैकी पाच टाक्या गेल्या. दोन प्लॉटमध्ये, एक कडुलिंबात, एक शाळेच्या मैदानात सापडली. देशमुख सरांची सापडली नाही. लाइट रविवारी पहाटे तीन वीसला आली. पाणी चार दहाला आलं. वैद्यांची टाकी काठोकाठ भरली आणि चारही घरांनी तिच्यातून पाणी घेतलं. तळाला गाळ नव्हता.